पाऊण लिटर पाणी

"वरून नको डालूस, जयू. पानांना काय प्यायचंय? जडेत दे."

ओट्यावरच्या खुर्चीतून प्रभाकरराव बोलले. जयूनं पाण्याचा मग खाली नेला आणि मोगऱ्याच्या बुंध्याशी अर्धाच ओतला.

"आता थांब. जिरू दे. मग उरलेलं."

उज्जैनात एप्रिल तापला होता आणि नळ एक दिवसाआड येत होता. बँकेतून रिटायर झाल्यापासून बाग प्रभाकररावांची होती. दिवाळीत किडन्यांनी हात टेकले, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, आणि बाग बायकोकडे, जयूकडे आली. ती तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. झाडांतलं तिला काही कळत नसे. ते सांगत, ती करी. पाणी ऊन चढायच्या आत. आधी मातीत बोट खुपसायचं, दोन पेरं ओल लागली तर त्या झाडाला आज सुट्टी. बुंध्याभोवती वाळक्या पानांचा थर. लिंबाजवळ देवास गेटहून आणलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. ते भरलं की पाझरत राही आणि तीन-चार दिवस बघावं लागत नसे.

"दिनभर में पौन लीटर, बस," डॉक्टरांनी प्रभाकररावांना बजावलं होतं. चहा, वरण, औषधाचे घोट, सगळं त्यातच. जयू सकाळीच बाटली भरून ठेवी. वर एक घोटही देत नसे.

त्या दिवशी बाटली दुपारीच संपली.

"अर्धा कप दे."

"नाही. मागच्या वेळी श्वास लागला होता तुम्हाला. विसरलात?"

"लिंबाला बालटीभर दिलंस सकाळी."

रुमाल ओला करून जयूनं त्यांचे ओठ टिपले. त्यांनी तोंड फिरवलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं आणि माठावर वाकली. भांडं वाजू नये म्हणून ती ओंजळीनंच पीत होती. मागे दार करकरलं. भिंतीला धरून प्रभाकरराव उभे होते.

"हे केव्हापासून?"

तिनं पदरानं हनुवटी पुसली. "दिवाळीपासून."

ते म्हणाले, "दुपारी मी फालतू बोललो." आणि वळता वळता, "मोठं भांडं भरून घे. बाहेर ये."

ओट्यावर त्यांनी तिला समोर बसवलं.

"पी."

"तुमच्यासमोर? नको हो."

"पी म्हणतो ना. आरामात."

जयूनं भांडं तोंडाला लावलं. आधी जपून एक घोट घेतला. मग ती पीत गेली. ते तिच्या गळ्याकडे बघत होते. भांडं रिकामं झालं, तसा त्यांनी आवंढा गिळला.

"थंड होतं?"

"हो."

"अजून घे थोडं," ते म्हणाले.