वाटेवरचा तिसरा

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. वाघांच्या जंगलाकाठी वसलेल्या मोहर्लीच्या एका पर्यटक निवासात, जेवणघराच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. चंद्रपूरच्या खुर्शीद पेंटरने एका परदेशी चित्रावरून मला तेलरंगात उतरवले. माझ्यात प्राचीन ग्रीस आहे. फोकिऑन नावाच्या वृद्ध सेनापतीला त्याच्याच अथेन्स शहराने विष देऊन मारले, वर मातीही नाकारली. दोन माणसे त्याचा झाकलेला देह शहराबाहेर नेत आहेत. भोवती शांत झाडी, कोवळे ऊन, चरणारी मेंढरे.

सुरुवातीला पाहुण्यांनी माझे फार कौतुक केले. पुढे कोणी बघेनासे झाले. साफसफाईला येणारी सीताबाई मात्र मला रोज पुसायची.

एका पावसाळ्यात भिंत ओलावली, मला बुरशी धरली. देह नेणाऱ्यांच्या मागे, वाटेवर, पांढुरका डाग उमटला. उभ्या माणसासारखा. सीताबाईने पुसला. तो पुन्हा आला, जरा पुढे सरकून. मग तिने पुसणेच सोडले. फडके हातात धरून नुसती बघत राहायची.

मालकाने खुर्शीदला बोलावले. त्याने कापूस भिजवताच सीताबाईने हात आडवा घातला.

"पुसू नका, भाऊ. तो मागं मागं चालून राह्यला."

"कोन, बाई?"

"माहा नवरा, कोलू. जंगलात मोहफुलं येचाले गेला, वापस नाई आला. वाघानं नेला म्हन्तेत. दुपट्टा तेवढा सापडला. देहच नाई, तं मातीत काय देऊ?"

खुर्शीदने कापूस खाली ठेवला. "चित्रातल्या या म्हाताऱ्याले गावाबाहेर नेऊन जाळलं. त्याच्या बायकोनं राख लपवून घरी आनली, चुलीपाशी पुरली. लोकायनं नाई म्हटलं, तरी तिनं त्याले जागा देल्ली. तुमच्यापाशी दुपट्टा हाय ना, बाई?"

सीताबाई काही दिवस आली नाही. गावी सोयऱ्यांना बोलावून तिने दुपट्टा मातीत दिला, वर दगड उभा केला. परतली तेव्हा माझ्यावर डाग नव्हता.

"मी हात नाई लावला," बाकीची बुरशी काढायला आलेला खुर्शीद हळूच म्हणाला.

वाट तेवढ्यापुरती कोरी पडली होती. तिथे रंग भरायला त्याने ब्रश उचललाच नाही. अजूनही, जेवणघर रिकामे झाले की माझ्या वाटेवर पावले वाजतात. दूर दूर जाणारी.

मित्रांनो, चित्रांना ओल्या भिंतीवर टांगू नका, कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि माझ्यासमोर कोणी फार वेळ उभे दिसले, तर त्याला हटकू नका.