माझ्या अंगावरच्या तीन रेघा

मी कपडे धुण्याच्या पावडरीतला मापाचा कप. आजवर कधी बोललो नाही. बोलायचा माझा स्वभावही नाही. पण आता राग पोटात मावत नाही, म्हणून बोलतोय.

तुम्ही मला पाहिलं असेल. पावडरीची मोठी पिशवी फोडली की आत कुठेतरी पुरलेला असतो तो मी. निळसर रंगाचा, पातळ, हलका. माझ्या अंगावर तीन रेघा आहेत. खालची रेघ थोड्या कपड्यांसाठी, मधली रोजच्या कपड्यांसाठी आणि वरची अगदी चिखलमातीनं मळलेल्या कपड्यांसाठी. वरच्या रेघेनंतरही माझ्यात बोटभर जागा उरते. ती रिकामी ठेवायची असते, म्हणजे पावडर सांडत नाही. एवढंच माझं शहाणपण. पण तेवढंही कुणी कधी वाचलं नाही.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतलं, दाबलं, थंड केलं आणि मी खाली पट्ट्यावर पडलो. पट्ट्याच्या शेवटी एक बाई उभी होती. ती एकेक कप उचलून उजेडात धरायची आणि रेघ पाहायची. ज्याची रेघ वाकडी, तो कप बाजूच्या खोक्यात. माझ्या शेजारचा गेला. तिनं मला गोल फिरवून पाहिलं, अंगठा रेघेवरून फिरवला आणि पुढे ढकललं. तेव्हा मला वाटलं, ज्या रेघेसाठी हे लोक एवढे डोळे शिणवतात, ती रेघ फार मोलाची असणार. पुढे मी या घरात आलो आणि माझा तो समज पहिल्याच सकाळी धुऊन निघाला.

घर पाच जणांचं. आजी, आजोबा, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. मशीन मोरीच्या बाहेर ठेवलेलं आणि त्याच्या डोक्यावर माझी जागा. तिथून समोरच आजोबांची खोली दिसते.

पहिल्या दिवशी सूनबाईनं मला पावडरीतून उपसलं, शिगोशीग भरलं आणि मशीनच्या खणात उपडं केलं. मी मनात म्हटलं, घाई असेल, उद्या पाहील. एवढ्यात आजी स्टूल ओढत आल्या. मशीनच्या गोल काचेसमोर बसून कपडे फिरताना पाहायची त्यांना आवड. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

"अगं, फेस कुठंय?"

"येईल ना, आई. आत्ता तर लावलंय."

"मी हातानं धुवायचे तेव्हा कोपरापर्यंत फेस असायचा. हे काय, नुसतं पाणी ढवळतंय. टाक अजून एक."

सूनबाईनं टाकला अजून एक. सकाळी डबा भरायचा, मुलीची वेणी घालायची आणि कामावर पळायचं, एवढ्या गडबडीत फेसावरून वाद कोण घालणार? काचेपलीकडे फेस दाटला, कपडे दिसेनासे झाले आणि आजींचा चेहरा खुलला. त्या फेसाच्या गादीवर कपडे नुसते लोळत होते. एकमेकांना घासतच नव्हते, तर मळ निघणार कसा? शिवाय वेळ वाचावा म्हणून रोज अर्ध्या तासाचं धुणं. तेवढ्या पाण्यात एवढी पावडर खळबळून निघते थोडीच? ती कपड्यांत जाऊन बसायची. टॉवेल कडक व्हायचे. मग ते मऊ व्हावेत म्हणून सुगंधी द्रव ओतायचा. ओरडून सांगावंसं वाटायचं, पण कपाला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी.

बाकी माझा उपयोग सगळ्यांना सुचायचा. आजींनी माझ्यानं कुंडीला पाणी घातलं. मुलानं खिशातले खिळे माझ्यात ठेवले. भिंगरीनं मला बाहुलीची टोपी केलं, आणि खरं सांगतो, त्याचा मला राग आला नाही.

आता आजोबांविषयी सांगतो. ते शिंपी होते. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यात टेप टाकून मापं घेतली. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, पण एक जुनं शिलाई मशीन खोलीत आणून ठेवलं. रोज दुपारी शाळेतून आली की भिंगरी दप्तर फेकायची आणि थेट त्यांच्या मांडीवर चढायची. त्यांना जवळचं दिसत नसे, म्हणून सुईत दोरा ओवायचं काम तिचं. दोरा जिभेनं ओला करायची, एक डोळा मिटायची आणि एका दमात ओवायची.

"मजुरी काय घेणार?" आजोबा विचारायचे.

"बाहुलीला झगा. आणि त्याला खिसा पाहिजे."

"बाहुलीला खिसा कशाला गं?"

"हात घालायला. बाबा नाही का उभे राहत?"

आणि मग दोघं खिदळायची.

मी येऊन दोन महिने झाले असतील, आजोबांना खाज सुटली. आधी मानेवर, जिथे कॉलर लागते. मग कमरेला, जिथे नाडी बसते. मग काखेत. लाल पुरळ उठलं. म्हातारी कातडी पातळ झालेली, खाजवलं की सोलायची. एकदा वाळलेला सदरा हातात घेऊन त्यांनी बोटांनी चुरगळला आणि मुलाला हाक मारली.

"अरे, हे कापड बोटाला चिकट लागतंय. सुती कापड हाताला असं लागत नाही. धुण्यात काहीतरी राहतंय."

मुलगा मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "बाबा, दुकान बंद केलंत ना तुम्ही? आता कापडाचा विचार सोडा."

आजोबांनी सदरा अंगात घातला. मी मशीनच्या डोक्यावर बसून पाहत राहिलो. घरातल्या ज्या एका माणसाला कापड कळत होतं, त्याचंच तोंड बंद केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि सांगितलं, अंगाला स्वच्छ धुतलेले कपडे घाला. घरी आल्यावर मुलानं फर्मान काढलं. बाबांचे कपडे वेगळे धुवायचे. त्या थोड्या कपड्यांनाही भरून दोन कप पावडर, वर जंतुनाशक. मग हळू आवाजात, पण खोलीत ऐकू जाईल इतपत, तो सूनबाईला म्हणाला, "आणि भिंगरीला त्यांच्या मांडीवर बसू देऊ नकोस. पसरणारं असलं तर?"

"डॉक्टर तसं काही म्हणाल्या नाहीत," सूनबाई म्हणाली.

"म्हणाल्या नाहीत म्हणजे नसेलच असं नाही."

काय हुशारी ही. ज्याच्यामुळे पुरळ आलं, तेच औषध म्हणून आणखी. जितकी खाज जास्त, तितकी पावडर जास्त. जितकी पावडर जास्त, तितकी खाज. आणि हे सगळं वाहून नेणारा कोण? मी. हे मी लपवत नाही. माझ्या रेघा कुणी पाहिल्या नाहीत हे खरं, पण शिगोशीग भरून त्या म्हाताऱ्याच्या बनियनवर रोज मीच उपडा होत होतो. राग यांच्यावर येतो तसा स्वतःवरही येतो.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेतून आली, धावत गेली आणि उंबऱ्यावर थांबली. सकाळीच तिला बजावलेलं होतं. आजोबांनी सुई पुढे केली. तिनं ती दोन बोटांच्या टोकानं उचलली, मागे सरकली आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून दोरा ओवला. मग सुई टाचणीच्या उशीत खोचली, उशी जमिनीवर ठेवली आणि पायानं त्यांच्याकडे सरकवली.

आजोबांनी वाकून उशी उचलली. "शाबास," म्हणाले. त्या दिवशी मजुरी कुणी विचारली नाही, कुणी मागितलीही नाही.

असं सात आठवडे चाललं. घरात मोठी माणसं तीन, पण एकालाही ती जमिनीवरून सरकत जाणारी उशी खटकली नाही. डाग म्हटला की यांना लगेच दिसतो. कॉलरवरचा दिसतो, बाहीवरचा दिसतो. हा दिसला नाही.

शेवटी मशीननंच हात टेकले. एका रविवारी ते मध्येच बंद पडलं आणि खालून फेस बाहेर आला, पार आजींच्या स्टुलापर्यंत. मशीनवाला आला. बुटका, गप्पिष्ट माणूस. त्यानं खालची जाळी उघडली आणि आतून दह्यासारखा पांढरा गाळ बोटानं काढला.

"ताई, पावडर किती टाकता?"

"एक... दोन कप," सूनबाई म्हणाली.

"भरून?"

"थोडी वर," आजी मध्येच म्हणाल्या. "फेस यायला नको का?"

"आजी, फेस यायला मशीन नाही लागत, बादली पुरते. दाखवू?"

त्यानं बादलीत कोमट पाणी घेतलं आणि दोरीवर वाळलेलं, धुतलेलं एक बनियन मागितलं. हाताला आलं ते आजोबांचं. पाण्यात बुडवून त्यानं दोनचारदा पिळलं. पाणी दुधासारखं झालं आणि वर फेस तरंगायला लागला.

"चिमूटभरही पावडर टाकलेली नाही मी," तो म्हणाला. "ही सगळी आतली. कुणाचंय हे? अंगाला खाजत नाही का त्यांना?"

आजोबा दारात उभे होते. बाह्या मनगटापर्यंत खाली ओढलेल्या. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं. कापड चिकट लागतंय."

मशीनवाल्यानं मला उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि गोल फिरवलं. साच्याजवळच्या त्या बाईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला तसं धरत होतं. "या रेघा कशाला आहेत, साहेब?" त्यानं मुलाला विचारलं.

"असतात तशा," मुलगा म्हणाला.

"एका माणसाचे रोजचे कपडे म्हणजे खालची रेघ. त्याच्या वर एक कणही नको. आणि हे सगळे कपडे आता पावडर न टाकता नुसत्या पाण्यात काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत."

चार वेळा काढले. तीन वेळा फेस आला. मशीनवाला गेल्यावर सूनबाई आजोबांच्या खोलीत गेली आणि घडी केलेलं बनियन हातात धरून उभी राहिली. "बाबा, मला कळलं नाही," एवढंच म्हणाली. निदान ती तेवढं तरी म्हणाली.

पंधरा दिवसांत पुरळ सुकलं, महिन्यात गेलं. मुलानं एकदा आजोबांची मान पाहिली आणि समाधानानं म्हणाला, "शेवटी मलम लागू पडलं बघा."

मलम. सात आठवडे जे काही करू शकलं नाही, ते मलम. मी प्लास्टिकचा आहे म्हणून त्या दिवशी तडकलो नाही.

आता धुणं आजोबा स्वतः लावतात. पावडर भरली की मला डोळ्यासमोर धरतात आणि बोटानं वरची सपाट करतात. खालची रेघ चष्म्यातूनही नीट दिसेना, तेव्हा त्यांनी त्या रेघेवर माझ्या कमरेला लाल दोरा घट्ट बांधला. आजी अजूनही त्यांची पाठ वळली की एक चिमूट टाकतात. आजोबांना ते कळतं, ते एकदा जास्त पाण्यातून काढतात आणि दोघं एकमेकांना काही बोलत नाहीत.

गोष्ट इथे संपली असती तर माझा राग निवळला असता. पण बंदी घालताना जो आवाज खोलीपर्यंत पोचला होता, तो बंदी उठवायला आलाच नाही. भिंगरीला कुणी काही सांगितलं नाही. एक दिवस तिनं स्वतःच धीर केला. कपाटातून पांढरा रुमाल आणला, आजोबांच्या मांडीवर अंथरला, चारी कोपरे ओढून नीट केले आणि मग त्यावर बसली.

"हे काय गं?" आजोबांनी विचारलं.

"म्हणजे मला तुमचं लागणार नाही," ती अगदी सरळपणे म्हणाली. "सुई द्या."

त्यांनी सुई दिली. ती उठून गेल्यावर त्यांनी रुमाल उचलला आणि धुवायला टाकला. "मळलाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरा आणला. त्यांनी तोही टाकला. कपाटात रुमाल पुष्कळ आहेत.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. पावडर काढताना आम्हाला उजेडात धरा आणि रेघ पाहा. त्याला चार क्षणही लागत नाहीत. आणि या घरातल्या त्या मुलाला सांगा, ज्या तोंडानं तू तिला लांब उभं केलंस, त्याच तोंडानं तिला जवळ बोलाव. आजोबा स्वतःबद्दल हे तिला कसं सांगतील? आणि माझा आवाज तर या घरात कुणाला ऐकूच जात नाही.

आता दुपार झालीय. भिंगरी येऊन गेली. आजोबा तिचा आजचा रुमाल मशीनमध्ये टाकतायत. त्यांनी मला हातात घेतलंय आणि तसेच उभे आहेत. किती भरायचं हे त्यांना कळत नाहीये. लाल दोऱ्याच्या खालीही खूप जागा आहे, आणि रुमाल मळलेलाच नाही.