पहिली डिस्क

रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतला सर्व्हर सकाळपासून उठत नव्हता, आणि त्याला उठवायला आलेला तज्ज्ञ नाकाने कांदे सोलत होता. बाहेर बाकांवर माणसं रिपोर्टसाठी ताटकळली होती. आत खोलीत प्रयोगशाळेचा मालक, म्हणजे तज्ज्ञाचा साडू, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी असलेली तंत्रज्ञ बाई. काल संध्याकाळी तिनेच मालकाच्या सांगण्यावरून बॅकअपसाठी नवी डिस्क जोडली होती. पहाटे वीज गेली, परत आली, आणि पडद्यावर एकच ओळ उरली: मूळ फाइल सिस्टिम सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे?" साडूने विचारलं.

"म्हणजे सगळी सिस्टिम जिथे राहते, ती जागाच मशीनला दिसत नाहीये. दिसणार कशी? माकडाच्या हाती कोलीत दिलंत तुम्ही!"

"सर, मला वाटतं डिस्कचा क्रम बदललाय," बाई म्हणाली. "नवी डिस्क आता पहिली दिसतेय. मी फोनवर पण तुम्हाला..."

"ताई, तुम्ही रक्त काढा. ते जमतं ना? मग तेवढंच करा."

साडू खो खो हसला. लग्नकार्यात हाच साडू चारचौघांत तज्ज्ञाची टोपी उडवायचा. या खोलीत मात्र तज्ज्ञ सांगेल ती पूर्व दिशा. "चूक हिची निघाली तर उद्यापासून हिने यायचं नाही," साडू म्हणाला. "अकरा वर्षं झाली म्हणून काय झालं!" बाईचा चेहरा उतरला. तज्ज्ञाला काही कीव आली नाही. न कळणाऱ्या कामात हात घालणाऱ्यांची त्याला मनापासून चीड होती.

पेन ड्राइव्ह लावून त्याने सर्व्हर तात्पुरता चालवला आणि सुरुवातीची सेटिंग उघडली. तिथे लिहिलं होतं, सिस्टिम पहिल्या डिस्कवरून उचलावी. बस्स, इतकंच. अरे, प्रत्येक डिस्कला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो! तो टाकला असता तर दहा नव्या डिस्क लावूनही काही बिघडलं नसतं. पाकिटावर 'रांगेतलं पहिलं घर' एवढाच पत्ता लिहिण्यातला हा प्रकार. कोण हा गाढव, असं पुटपुटत तो खाली सरकला.

खाली शेरा होता: 'ही सेटिंग मी बसवली आहे. अडाण्यांनी हात लावू नये.' पुढे सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि त्याचं स्वतःचं नाव.

त्याचे कान तापले. साडू खिडकीशी फोनवर कुणावर तरी खेकसत होता. बाई मात्र तज्ज्ञाच्या खांद्यामागे उभी होती आणि तिला वाचता येत होतं.

त्याने डिस्कचा क्रमांक टाकला. मग तो शेरा पुसला, फाइल जतन केली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. सर्व्हर उठला.

"वा!" साडू फोन ठेवून म्हणाला. "काय झालं होतं नेमकं?"

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण मग साडूचं ते हसणं जन्मभर ऐकावं लागलं असतं. "नवी डिस्क लावल्यामुळे झालं," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त नीच होतं.

"साहेब, सेटिंग यांनीच चुकीची लावली होती," बाई म्हणाली. "खाली शेरा होता यांचा. आत्ता वाचला मी."

"कुठला शेरा?" तज्ज्ञाने फाइल उघडून पडदा साडूकडे वळवला. "बघा तुम्हीच."

साडूने पाहिलं. काहीच नव्हतं. त्याने बाईला बोटानेच दार दाखवलं.

तिने पांढरा कोट उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला. रडेल असं वाटलं होतं, पण रडली नाही.

"आमच्या नोंदवहीत चूक झाली ना सर, तर खोडायची नसते," ती म्हणाली. "तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही करायची. पहिल्या दिवशी शिकवतात हे, रक्त काढायच्याही आधी."

साडूला यातलं अक्षरही कळलं नाही. तज्ज्ञाला सगळं कळलं, आणि तो तारा गुंडाळत बसला.