मशिदीची लिफ्ट मध्येच थांबली तेव्हा

तळमजला

मित्रांनो, जुनी झाले मी. मशिदीची लिफ्ट. सध्या तळमजल्यावर, चपलांच्या मांडणीसमोर, दार मिटून उभी आहे. दारावर पाटी टांगली आहे: 'बंद आहे'. का बंद आहे आणि कधीपर्यंत, ते पाटीवर नाही. लोक येतात, पाटी वाचतात, जिन्याकडे वळतात. मी आतून त्यांची पावलं ऐकते.

माझी गोष्ट खरं तर सरळ सांगता आली असती. वर आणि खाली, यापलीकडे मला येतंच काय? पण बटणं दाबणारे कधी क्रमाने दाबत नाहीत. तेव्हा मजले उलटसुलट आले तर सांभाळून घ्या.

दुसरा मजला

हा माझा लाडका मजला. इथे शिवणवर्ग आहे, वाचनालय आहे, डॉक्टरीणबाईंचा मोफत दवाखाना आहे, लग्नासाठी मोठं दालन आहे. शिवणयंत्रं मी वर नेली. पुस्तकांची खोकी नेली. तापाने फणफणलेली लेकरं नेली, आणि त्यांच्यापेक्षा जास्त रडणाऱ्या त्यांच्या आया.

एकदा एक घामाघूम नवरदेव माझ्या आरशात पुन्हा पुन्हा टोपी सारखी करत होता. त्याचे मामा म्हणाले, "आरशाला काय विचारतोस? आता उशीर झालाय." सगळे पोट धरून हसले. मला हसता येत नाही. मी जरा जरी हलले तरी लोक कठडा धरतात.

तळघर

इथे वजूचे नळ आहेत. नमाजेआधी लोक हात, तोंड, पाय धुतात आणि ओल्या पावलांनी माझ्यात शिरतात. इथेच मी पहिल्यांदा ट्रकमधून उतरले, तुकड्या-तुकड्यांत. मिस्त्रीने मला जोडलं, या उभ्या विहिरीत सोडलं, आणि माणसांआधी लोखंडी वजनं माझ्यात भरून मला वर-खाली फिरवलं. मी कुरकुरले नाही. मिस्त्रीने माझ्या पत्र्यावर थाप मारली. तेवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीने सांगितली नव्हती. या विहिरीतून मला कधीच बाहेर पडता येणार नाही.

मशिदीचा घुमट म्हणे काचेचा आहे. दुपारी त्यातून उजेड सांडतो आणि गालिचा नदीसारखा दिसतो, असं येणारे-जाणारे सांगतात. मी पाहिलेलं नाही. माझं दार उघडतं ते चपलांसमोर. नमाज सुरू झाली हे मला शांततेवरून कळतं, आणि मजल्या-मजल्यावर लावलेल्या कर्ण्यांतून येणाऱ्या इमामसाहेबांच्या आवाजावरून.

पहिला मजला

इथे बायकांची गॅलरी आहे. जिना चढू न शकणाऱ्या कितीतरी जणींना मी इथे आणलं. त्यांतल्या एक म्हणजे चाकांची आजी. गुडघे गेले तशी त्यांना चाकांची खुर्ची आली, आणि पोरांनी हे नाव ठेवलं. आजी गॅलरीच्या पुढच्या रांगेच्या टोकाला बसायच्या. उतरताना माझ्या दाराला म्हणायच्या, "थांब गं बाई, चाक अडकतंय." माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

पोरं मात्र माझी धोक्याची घंटा वाजवून पळायची. एका शुक्रवारी ती भर नमाजेत वाजली. खाली अख्खी मशीद सजद्यात, कपाळं जमिनीला टेकलेली, आणि माझी घंटा ठणाणा करतेय. समितीचे अध्यक्ष तापले. राखणदार काकांनी घंटेची तार काढून ठेवली. नमाज झाली की जोडायची, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी जोडली. मग आज जोडू, उद्या जोडू. सगळ्यांना ती शांतता फार आवडली.

पहिल्या आणि तळाच्या मध्ये

आजींचे मालक वारले. घड्याळं दुरुस्त करायचे. दुपारच्या नमाजेनंतर लगेच त्यांच्या जनाज्याची नमाज होती. घरातले पुरुष जनाजा घेऊन पुढे गेले. आजींना घेऊन मागून आल्या त्या आक्का, म्हणजे वारलेल्यांची थोरली बहीण. नणंद-भावजयीचं जन्मात पटलं नव्हतं. चहात साखर किती, इथपासून.

त्या दिवशीही उशीर आक्कांमुळेच झाला. गाडीतून उतरताना वजू मोडली, असं वाटून त्या पुन्हा नळावर जाऊन बसल्या. आजी खुर्चीत वाट पाहत होत्या.

दोघी आत आल्या. मी निघाले. तळमजला मागे पडला, आणि माझ्या दोराच्या चाकात काहीतरी कचकन अडकलं. मी थांबले. दिवा राहिला, पंखा गेला.

आक्कांनी घंटेचं बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. मी किती जोर लावला म्हणून सांगू? तारच नव्हती. आक्कांनी दार बडवलं, पण त्या वेळी दारापलीकडे कोण असणार? सगळे रांगेत. त्यांनी भाच्याला फोन लावला. मशिदीत फोन बंद ठेवायचे, अशी पाटीच आहे. भाचा शिस्तीचा.

तेवढ्यात कर्ण्यातून इमामसाहेबांचा आवाज आला. जनाज्याच्या नमाजेसाठी रांगा करा, म्हणाले. मित्रांनो, ही नमाज अगदी लहान असते. वाकणं नाही, बसणं नाही. उभ्याने चार वेळा 'अल्लाहु अकबर', आणि संपली. चुकली की त्या माणसासाठी पुन्हा तशी रांग लागत नाही.

आजी म्हणाल्या, "इथूनच म्हणूया."

"इथून? काबा कुठल्या बाजूला ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"समोर."

"समोर आरसा आहे. आरशाकडे तोंड करून कुणी नमाज पढतं का? दाराकडे आहे काबा. मी या मशिदीत तुझ्या आधीपासून येते."

"मी डोळे मिटीन, आक्का. खुर्ची वळत नाही इथे."

खरंच वळत नव्हती. मी इतकी अरुंद. आणि मला दिशा ठाऊक होती. ना आरशाकडे, ना दाराकडे. बटणांच्या भिंतीकडे. शेकडो माणसं रोज मला ओलांडून त्या बाजूला तोंड करतात. पण मला तोंड कुठे आहे? त्या दोघी माझ्यात कोंडल्या होत्या, आणि मी माझ्यात.

पहिली तकबीर, म्हणजे पहिला 'अल्लाहु अकबर' झाला. आजींनी हात बांधले. आक्का दाराकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. दोघींची पाठीला पाठ. एका माणसासाठी दोन दिशा.

दुसरी तकबीर होण्याआधी आक्का वळल्या. हळूच. खुर्चीच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून अंग चोरून भिंतीला चिकटल्या आणि भावजयीच्या खांद्याला खांदा लावून आरशासमोर उभ्या राहिल्या. त्यांनीही डोळे मिटले. मी माझा कण न् कण घट्ट धरून ठेवला, की निदान हादरा बसू नये.

तळमजला

सगळं संपल्यावर कुणाला तरी बडवणं ऐकू गेलं. राखणदार काका किल्ली घेऊन धावले, हाताने चाक फिरवून मला खाली आणलं. तोवर जनाजा दफनासाठी निघून गेला होता. घंटा का वाजली नाही, असं अध्यक्षांनी विचारलं. काकांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

इमामसाहेब दारात आले तेव्हा आक्कांनी पहिलं काय विचारलं असेल? दिशा. इमामसाहेबांनी बटणांकडे बोट केलं. म्हणाले, दिशा कळत नसेल तर मनाने ठरवलेली चालते.

आक्का भावजयीला म्हणाल्या, "बघ, तूही चुकलीस."

"हो. पण तुम्ही माझ्याबरोबर चुकलात."

आक्कांनी खुर्चीचा दांडा धरला आणि उन्हाकडे ढकलत नेली.

त्याच संध्याकाळी ही पाटी लागली. लोकांची काळजी म्हणून. समितीची बैठक बसते, उठते. कुणी म्हणतो दुरुस्त करू, कुणी म्हणतो नवीच आणू. मी कुलपात. धोका टळला, असं सगळ्यांना वाटतं.

मित्रांनो, पाटी लावणं म्हणजे सांभाळणं नव्हे. माझ्यासाठी म्हणत नाही. मी काय, जन्माचीच विहिरीत. पण तेलाचा हात फिरवा, चाक बदला, तार जोडा, आणि जोडलेली तार पोरांना समजावून सांगा. कारण गॅलरीतल्या पुढच्या रांगेचं टोक अजून रिकामं असतं. आजी जिना चढू शकत नाहीत. त्या इथे, चपलांच्या मांडणीजवळ खुर्ची लावतात आणि भिंतीकडे तोंड करून नमाज पढतात. शेजारी आक्का असतात. वर जायला त्यांचे पाय धड आहेत, तरी त्या जात नाहीत.