आईचा देव

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं आणि वेल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. आत आई होती. आजवर घरात देवाचं खातं तिच्याकडेच होतं. ती गुडघे टेकून प्रार्थना करायची आणि हा तिच्या शेजारी बसून ‘आमेन’ म्हणून मोकळा व्हायचा.

“आज तूच कर प्रार्थना,” ताई म्हणाली. “मला रडू आवरत नाहीये.”

त्याने डोळे मिटले. वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे निदान तोंडावर मुखवटा तरी असतो. “हे आईच्या देवा...”

ताई उसळलीच. “आईचा देव आईपाशी आत आहे रे! तू कुणाला हाक मारतोयस?”

पाठ केलेली वचनं ढिगाने आठवली, पण सगळ्यांना आईचाच आवाज होता.

तेवढ्यात दार करकरलं. डॉक्टर बाहेर येत होते. ताई धावली. तो मात्र जागचा हलला नाही, त्याने डोळेही उघडले नाहीत. डॉक्टरांचा पहिला शब्द कानावर पडला की मग त्याची प्रार्थना हाक राहणार नव्हती. आभार झाले असते, नाहीतर भांडण.

“माझ्या देवा,” तो घाईघाईने म्हणाला.