सासूबाईंचं दुसरं वाक्य

सासऱ्यांना ऐकू कमी यायला लागलं तसा सासूबाईंचा आवाज चढत गेला, आणि कानात यंत्र आल्यावरही तो खाली उतरायचं नाव घेईना. तोफच ती! पण तोफ डागून झाली की त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं. मग स्वतःशी पुटपुटल्यासारखं हळूच विचारायच्या, "घेता का घोटभर चहा?" सासरे जागचे हलत नसत. झालं, पारा पुन्हा वर. एवढं नमतं घेऊन विचारावं तर हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो! सासऱ्यांचं रडगाणं निराळंच. हिला ओरडायला सवड आहे, चहाचं विचारायला नाही. शेवटी त्यांनी अबोला धरला, आणि हे यंत्रही आता कायमचं खणात टाकतो म्हणाले.

यंत्रातलं सर्किट सुनेनेच आखलेलं होतं. मोठा आवाज आला की आपोआप दाबायचं, बारीक आला की वाढवायचं, आणि तेही मुंगीला पुरेल एवढ्याशा विजेवर. प्रयोगशाळेत सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. पण प्रयोगशाळेत सासूबाई कुठे होत्या?

एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या तिने सगळा प्रकार पाहिला आणि डोक्यात प्रकाश पडला. तोफेने दबलेलं सर्किट पुन्हा डोकं वर काढायला दोन-तीन सेकंद घेत होतं, आणि चहाचं वाक्य नेमकं तेवढ्यातच होऊन जात होतं. यंत्र आल्यापासून बिचाऱ्यांनी ते एकदाही ऐकलं नव्हतं! आधी तिला हसू फुटलं, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सावरायचा वेळ सरसकट कमी करावा, तर दोन शब्दांच्या मध्ये घरभरची खरखर उसळून येणार. म्हणून दणका किती वेळ ध्यानात ठेवायचा ते ठरवणाऱ्या आधीच्या कपॅसिटरच्या जोडीला तिने एक चिमुकला बसवला. क्षणभराचा दणका धाकट्याने झेलायचा आणि लगेच विसरायचा, लांबलेला गोंगाट तेवढा थोरल्याने ध्यानात ठेवायचा. बॅटरीवर भार वाढला तो नावापुरता. सासूबाईंना तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सासऱ्यांची मात्र मनधरणी केली, की बाबा, शेवटचं एकदा घालून बघा.

संधी चालत आली. खुर्चीवर ओला टॉवेल दिसला आणि तोफ धडाडली. सासूबाई तणतणत ओट्याकडे वळल्या, भांडं उचललं, आणि पाठमोऱ्याच पुटपुटल्या, "घेता का घोटभर चहा?"

सासरे ढिम्म.

सुनेला वाटलं, गेली सगळी मेहनत पाण्यात! यंत्र काढून घ्यायला तिने हात पुढे केला, तर सासऱ्यांनी तो मध्येच धरला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मिशीत हसू मावत नव्हतं.

"थांब गं," ते कुजबुजले, "अजून एकदा विचारू दे तिला."