बिनशब्दांचा अल्बम

माझ्या पोटात गाण्याचा एकही शब्द नाही. गिटार, पियानो आणि ड्रम्स, एवढाच माझा संसार. तरी आज बोलावंसं वाटतंय, कारण मी वाचलोय.

माझा जन्म कॅनडातल्या क्वेबेकमध्ये, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या बंद पडलेल्या चीजच्या कारखान्यात झाला. बाहेर बर्फ, आत तिघं. गिटारवर फ्लोराँ, पियानोवर त्याची धाकटी बहीण युगेत, ड्रम्सवर मित्र नॉर्माँ. बोटं गारठली की शेगडीभोवती उभं राहून वाटाण्याचं सूप प्यायचे आणि पुन्हा वाजवायला बसायचे. माझी सगळ्यात मोठी रचना रॉकच्या दणक्यात सुरू होते. मग मध्येच युगेतचा पियानो सगळ्यांचा हात सोडून जॅझच्या आडवाटेला लागतो आणि बऱ्याच वेळानं, शांत होऊन, परत येतो.

मॉन्ट्रियलहून रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले. ऐकून म्हणाले, "छान. पण गाणारा कुठाय?"

"आमच्यात कुणी गात नाही," फ्लोराँ म्हणाला.

"मग लोकांनी गुणगुणायचं काय?"

साहेब मला तिथंच ठेवून निघून गेले. त्या संतापात फ्लोराँ बहिणीवर घसरला, "तू मध्येच भरकटलीस, म्हणून गेलं सगळं!"

युगेतनं पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. पुढं तिनं बेकरी काढली. फ्लोराँ तिच्याकडून पाव न्यायचा, थंडीवाऱ्याचं बोलायचा. संगीताचं नाव दोघांनीही काढलं नाही.

मी नॉर्माँच्या तळघरात कित्येक वर्षं पडून राहिलो. माणसांची गंमत वाटते. टाकवत नाही ते जपतही नाहीत, नुसतं ठेवून देतात. दमट हवेनं माझी फीत चिकट झाली.

यंदा नॉर्माँनं घर विकायला काढलं, तेव्हा मी सापडलो. त्यानं बहीणभावांना बोलावून घेतलं. फ्लोराँ आला तो थेट मला फीत वाजवायच्या यंत्रावर चढवायला लागला.

"हात काढ, म्हाताऱ्या!" नॉर्माँ ओरडला. "चिकट फीत फिरवलीस तर सूर खरवडून निघतील. दुसरी प्रत नाहीये कुठं!"

त्यानं स्वयंपाकघरातून सफरचंदाच्या चकत्या वाळवायचं यंत्र आणलं आणि फितीतला दमटपणा निघून जावा म्हणून मला त्याच्या मंद उबेत ठेवलं.

"जळला तर बरंच," युगेत पुटपुटली. "माझी चूक पुन्हा कशाला ऐकायची?"

मी तसाच तापत राहिलो. वाचायचं तर होतं, पण हिला दुखवायला वाचायचं?

गार झाल्यावर मला फिरवलं. पहिला सूर स्वच्छ उमटला आणि नॉर्माँनं सुस्कारा सोडला. मोठी रचना आली. पियानो आडवाटेला लागला. फ्लोराँ मान खाली घालून ऐकत होता.

"युगेत," तो म्हणाला, "तू भरकटली नव्हतीस गं. आम्हीच मागं पडलो होतो. ऐक, मी कसा धापा टाकत येतोय तुझ्यामागं."

"ऐकू येतंय, गाढवा!" ती म्हणाली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "बरी वाजवत होते की रे मी!"

माझ्या फितीतला सगळा ताण त्या क्षणी सैल झाला.

आता माझी प्रत काढून झालीय. मी युगेतच्या माडीवर, कोरड्या फळीवर निवांत आहे. मला पुन्हा फिरवू नका, थकलोय. पण तुमच्या तळघरात कुणी असं पडलं असेल, तर त्याला वेळेवर वर आणा.

खाली बेकरीत प्रत वाजत असते. पाव घ्यायला आलेली माणसं पिशवी हातात धरून दारातच रेंगाळतात. पाव गार होतो. कुणाचीच तक्रार नसते.